चार्ल्स केटरिंग : मोटारीला स्वतःची वीज देणारा अभियंता

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला केटरिंग हे आडनाव अपरिचित नाही. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग हे कर्करोगाचे रुग्णालय आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून, आणि काहींनी दुर्दैवाने फार जवळून, पाहिलेले आहे. मिशिगनमधील फ्लिंट येथे केटरिंग विद्यापीठ आहे. ओहायोत डेटन शहराला लागून केटरिंग नावाचे एक स्वतंत्र शहरच वसले आहे. मात्र ज्याच्या नावावरून ही नावे पडली, त्या चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांनी नेमके काय केले, असे विचारले तर मोटार उद्योगात आयुष्य घालवलेले लोकही क्षणभर थांबतात.

त्याचे एक उत्तर आपण रोज सकाळी कळत नकळत अनुभवतो. बटण दाबले की बॅटरी एखाददोन सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह ओतते, इंजिन सुरू होते, आणि मग तेच इंजिन पुढील काही मिनिटांत बॅटरीचे हे देणे हळूहळू फेडून टाकते. उसने घ्यायचे ते एकदम आणि भरपूर, परत करायचे ते संथपणे आणि मोजून. हा व्यवहार मोटारीत बसवून दाखवणारा माणूस म्हणजे केटरिंग. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या नावापुढे इलेक्ट्रिक स्टार्टर एवढेच लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात सुरू करण्यापेक्षा परतफेडीचा भाग अधिक अवघड होता, आणि त्यांच्या बुद्धीचा कस तिथे लागला.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. घर शेतकऱ्याचे, कष्टाचे. मुलगा हुशार, पण डोळ्यांनी अधू. वाचायला बसले की डोके ठणकू लागे. शाळा संपवून त्यांनी आसपासच्या खेड्यांत मास्तरकी केली, मग वूस्टर कॉलेजात आणि पुढे कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला. डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. पुढचा काही काळ त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काढला. खड्डे खणणे, खांब उभारणे, तारा ओढणे अशा कामात दिवस जाऊ लागले आणि टोळीचे मुकादमपणही आले. उघड्या हवेतल्या या कामाने डोळ्यांना विश्रांती मिळाली, आणि वीज ही वस्तू पुस्तकातून न भेटता हातातून भेटली. विद्यापीठात परतल्यावर सोबतचे विद्यार्थी त्यांना पाठ्यपुस्तके वाचून दाखवत आणि ते ऐकून लक्षात ठेवत. १९०४ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी हाती पडली तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. बरोबरीचे लोक तोवर संसाराला लागलेले होते.

त्याच वर्षी ते डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. दुकानदाराच्या गल्ल्यावर बसणारे, पैशांची नोंद ठेवणारे हे यंत्र तोवर हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर जोडली. गल्ल्याच्या पेटीत मावेल एवढी लहान मोटर यंत्राचा खण जोराने उघडू शकेल का, याबद्दल शंका होती. त्यांनी हेरले की ही मोटर दिवसभर सतत चालायची नाहीच. ती क्षणभर जोर लावणार आणि मग पुढचा ग्राहक येईपर्यंत थंड होत बसणार. सतत चालणाऱ्या मोटरवर जेवढा भार टाकता येतो त्याच्या कितीतरी पट भार क्षणभर चालणाऱ्या मोटरवर टाकता येतो, कारण मोटर जळते ती साठत गेलेल्या उष्णतेने. क्षणभरात उष्णता साठायला वेळच मिळत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर शिकलेली ही गोष्ट पाच वर्षांनी मोटारीच्या कामी आली.

कॅश रजिस्टर कंपनीतील त्यांचे वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांना मोटारींचा नाद होता. डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ही मंडळी जमू लागली. त्यांचे पहिले काम इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर होते. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लीलँड यांनी ती पसंत केली आणि हजारोंच्या संख्येने मागणी नोंदवली. १९०९ साली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांतून तयार झालेले डेल्को हे नाव डेट्रॉइट परिसरातल्या मराठी अभियंत्यांना वेगळे सांगायला नको.

त्या काळी मोटार सुरू करणे म्हणजे समोर उभे राहून हँडल मारणे. ज्यांनी अँबॅसिडरला किंवा जुन्या ट्रकला हँडल मारलेले पाहिले आहे त्यांना त्या कामाची कल्पना असेल. इंजिनाची ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरे आणि मनगट, हात, कधी जबडा मोडे. डेट्रॉइटमधील मोटार उत्पादक बायरन कार्टर १९०८ मध्ये वारले. एका बंद पडलेल्या कॅडिलॅकचे हँडल त्यांना लागले आणि त्या जखमेतून मृत्यू ओढवला, त्या धक्क्याने लीलँड यांनी हँडल हद्दपार करायचे ठरवले, अशी हकीकत सांगितली जाते. तिचे तपशील प्रत्येक पुस्तकात निराळे आहेत, त्यामुळे ती जशीच्या तशी मानू नये. हँडलची भीती मात्र खरी होती. त्या भीतीपायीच बॅटरीवर चालणाऱ्या विद्युत मोटारींना तेव्हा चांगली मागणी होती, विशेषतः स्त्रियांकडून. प्रत्यक्ष हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विद्युत मोटार चालवत.

इंजिन विजेने फिरवावे ही कल्पना केटरिंग यांची नव्हती. ती त्यांच्या आधी अनेकांनी करून पाहिली होती. अडचण अशी सांगितली जाई की एवढे इंजिन फिरवायचे तर मोटर इंजिनाएवढीच अवजड होईल आणि तिला पुरेल अशी बॅटरी गाडीत मावणार नाही. हिशेब चुकीचा नव्हता. पण तो सतत चालणाऱ्या मोटरचा होता. केटरिंग यांनी गल्ल्याच्या यंत्राचा हिशेब लावला. इंजिन दोनचार सेकंद फिरवायचे, ते पेटले की मोटरचे काम संपले. लहान मोटर, तिला दातेरी चाकांची जोड, आणि क्षणभराचा प्रचंड भार.

प्रश्न राहिला बॅटरीचा. शिशाच्या पत्र्यांची, गंधकाम्लात बुडवलेली, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते यांनी १८५९ सालीच तयार केली होती. १८८१ साली कामिय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली आणि ती कारखान्यात बनू लागली. क्षणभर मोठा प्रवाह देणे हा या बॅटरीचा स्वभावगुण आहे. स्टार्टरला नेमके तेच हवे होते. पण रिकामी झालेली बॅटरी गाडीतून काढून कुठेतरी भरायला न्यायची असेल तर हँडल काय वाईट? गाडीची बॅटरी गाडीतच, चालता चालता भरली गेली पाहिजे. केटरिंग यांनी इंजिन सुरू करणाऱ्या मोटरलाच उलट कामाला लावले. इंजिन पेटल्यावर तेच यंत्र इंजिनाच्या जोरावर फिरून वीज निर्माण करू लागे. आजच्या माइल्ड हायब्रिड गाड्यांमध्ये बसवलेला एकत्रित स्टार्टर जनरेटर पाहून हे नवल वाटते असे म्हणणाऱ्यांनी १९१२ ची कॅडिलॅक आठवावी.

त्या पहिल्या रचनेत एक गमतीदार युक्ती होती. सुरू करताना बॅटरीचे सहा सहा व्होल्टचे चार गट एकापुढे एक जोडले जात आणि मोटरला चोवीस व्होल्ट मिळत. भरताना मात्र तेच गट शेजारी शेजारी जोडले जाऊन सहा व्होल्टवर येत, आणि दिवे त्याच सहा व्होल्टवर जळत. देताना एक व्होल्टता आणि घेताना दुसरी. ही जोडणी गुंतागुंतीची होती. लवकरच ती मागे पडून एकाच व्होल्टतेची सोपी रचना रूढ झाली.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. इंजिनाचा वेग क्षणोक्षणी बदलतो. जनरेटर हळू फिरला तर त्याची व्होल्टता बॅटरीपेक्षा कमी पडते, आणि मग वीज उलटी वाहून बॅटरीच जनरेटरला मोटरसारखी फिरवू पाहते. बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते. जनरेटर जोरात फिरला तर व्होल्टता हद्दीबाहेर जाते. बॅटरीतले पाणी उकळल्यासारखे वायू होऊन उडून जाते, पत्रे खराब होतात, दिवे जळून जातात. तेव्हा दोन पहारेकरी लागतात. एक, जो उलटा प्रवाह दिसताच वाट तोडतो. दुसरा, जो व्होल्टता एका मर्यादेत धरून ठेवतो. या पहारेकऱ्यांविना स्टार्टर म्हणजे दोन दिवस चालणारे खेळणे ठरले असते.

१९११ च्या फेब्रुवारीत ही यंत्रणा एका कॅडिलॅकवर बसवून लीलँड यांना दाखवण्यात आली. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये सुरू करणे, ठिणगी आणि दिवे ही तिन्ही कामे विजेवर आली. लंडनच्या रॉयल ऑटोमोबिल क्लबने याच यंत्रणेसाठी कॅडिलॅकला ड्यूअर चषक दिला. स्टार्टरचे पेटंट केटरिंग यांच्या नावे १९१५ मध्ये नोंदले गेले. फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीला इलेक्ट्रिक स्टार्टर यायला मात्र १९१९ साल उजाडले. तोवर विद्युत मोटारींचा बाजार जवळजवळ संपला होता. बॅटरीवर धावणाऱ्या गाडीला पेट्रोलच्या गाडीने हरवले ते पोटात एक लहान बॅटरी बाळगून. त्या पराभवाची फेड व्हायला शंभर वर्षे लागली.

इथे थोडे थांबून आजच्या घरगुती प्रश्नाकडे पाहणे उपयोगाचे होईल, कारण केटरिंग यांचे दोन्ही पहारेकरी तिथे पुन्हा भेटतात. पूर्णपणे बंद, पाणी घालावे न लागणारी शिशाची लहान बॅटरी आता सर्वत्र आहे. यूपीएसमध्ये, चोरघंटेत, आणीबाणीच्या दिव्यात, कॅम्पिंगच्या पेटीत, हौशी रेडिओ चालवणाऱ्यांकडे. बारा व्होल्ट आणि सात अँपिअर-तास हे तिचे सर्वांत परिचित रूप. द्रव आम्लाऐवजी जेल किंवा काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले आम्ल वापरून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. प्रवासात, शिबिरात किंवा वीज गेलेली असताना ही बॅटरी गाडीच्या विजेवर भरता येईल का, असा प्रश्न पडतो. दोन्ही बारा व्होल्टच्या, मग तार जोडली की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे.

तसे होत नाही. इंजिन बंद असताना गाडीच्या बॅटरीची व्होल्टता १२.६ च्या आसपास असते. तेवढ्या दाबाने लहान बॅटरी अर्धवटच भरते, वर मोठी बॅटरी तेवढी रिकामी होते. इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टवर असते. लहान बॅटरीला कायम जोडून ठेवायचे असेल तर बहुतेक उत्पादक १३.५ ते १३.८ व्होल्ट सुचवतात, आणि वापरून रिकामी झालेली बॅटरी लवकर भरायची असेल तर १४.४ ते १४.७ पर्यंत जायला हरकत नसते, मात्र थोड्या वेळापुरते. म्हणजे व्होल्टता जवळपास जुळते. अडचण प्रवाहाची आहे. पूर्ण रिकाम्या सात अँपिअर-तासांच्या बॅटरीला सुरुवातीला दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. गाडी तिच्यात कितीतरी अधिक ओतू शकते. बारीक तारा तापतात, बॅटरी तापते. बंद बॅटरीत जास्त भरण्याने झालेला वायू झडपेतून निसटला की गेलेले पाणी परत घालता येत नाही, आणि बॅटरी आतून वाळत जाते.

आपल्याकडच्या गॅरेजात बॅटरीच्या वाटेत दिव्याचा बल्ब जोडण्याची जुनी पद्धत आहे, ती शास्त्राला धरून आहे. इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बारा व्होल्टचा बल्ब पूर्ण उजळला तरी पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही, आणि बॅटरी भरत जाईल तसतसा तो मंदावतो. उलट्या प्रवाहाला रोखायला वाटेत एक डायोड पुरतो. त्यात सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्च होतात, त्यामुळे गाडीचे १४.२ व्होल्ट लहान बॅटरीपाशी साडेतेराच्या आसपास पोहोचतात. कायम जोडून ठेवायला ते सोयीचेच आहे. गाडीच्या बॅटरीजवळ वितळतार हवीच, नाहीतर तार कुठे घासली गेली तर आग लागायला वेळ लागत नाही. आणि नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरची व्होल्टता संगणक वर-खाली करत राहतो, कधी ती तेराच्या खालीही येते. अशा गाडीत बल्ब आणि डायोडवर विसंबण्यापेक्षा बॅटरीच्या प्रकारानुसार व्होल्टता उचलून, प्रवाह बांधून देणारा छोटा चार्जर घ्यावा हे बरे. दुबई, दोहा, मस्कतमधील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ही बॅटरी भरू नये. उष्णता वाढली की तीच व्होल्टता बॅटरीला अधिक होते, ती आणखी प्रवाह घेते, आणखी तापते. हवाबंद खोक्यात तर कधीच भरू नये, कारण निसटणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो.

केटरिंग यांच्याकडे परत येऊ. मोटारीतला हा व्यवहार यशस्वी झाल्यावर त्यांचे लक्ष ओहायोतल्या शेतांकडे गेले. आपल्या आईच्या घरी अजून रॉकेलचा दिवा जळतो हे त्यांना खटकत होते. शहरांतली वीज खेड्यांपर्यंत पोहोचायला अजून वीस-पंचवीस वर्षे अवकाश होता. १९१६ साली डेल्को-लाइट बाजारात आले. एक छोटे इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर आणि काचेच्या बरण्यांतील सोळा शिशाच्या घटांची ओळ. घटागणिक दोन व्होल्ट, एकूण बत्तीस. इंजिन थोडा वेळ चालवून बॅटऱ्या भरून ठेवायच्या, मग रात्री आवाज न होता दिवे. मोटारीचे अंतरंग घरात आणून ठेवल्यासारखेच होते ते. अमेरिकेतल्या लाखो शेतकरी कुटुंबांनी पहिला बल्ब यातूनच पेटवला. व्यक्तिशः मला स्टार्टरपेक्षा डेल्को-लाइट हे केटरिंग यांचे अधिक मोठे काम वाटते, जरी त्यामुळे कोणाचे नाव रुग्णालयावर लागत नाही.

याच छोट्या इंजिनातून त्यांच्या आयुष्याचा दुसरा, काळोखा पदर सुरू झाला. डेल्को-लाइटचे इंजिन रॉकेलवर चालवले की खडखडे. वेळेआधी पेट घेणाऱ्या इंधनाचा तो ठोका होता. बॅटरीच्या ठिणगीमुळेच इंजिने ठोकतात असा आरोप काही मोटार कंपन्या आधीपासून केटरिंग यांच्यावर करत होत्या, आणि त्यामुळे हा प्रश्न त्यांना जिव्हारी लागला होता. १९१६ मध्ये त्यांनी टॉमस मिडग्ली नावाच्या तरुण अभियंत्याला या ठोक्यामागे लावले.

दरम्यान डीड्स आणि केटरिंग यांनी डेल्को नव्वद लाख डॉलरना विकली, आणि त्या वाटेने केटरिंग जनरल मोटर्समध्ये आले. १९२० पासून १९४७ पर्यंत ते तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी चालकाविना उडणारे बाँबविमानही बनवले होते. ते लढाईत वापरले जाण्याआधी युद्ध संपले. सगळेच साधले असे नाही. शेवरोलेसाठी त्यांनी पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पंखांचे इंजिन केले. १९२३ साली विकल्या गेलेल्या शंभराच्या आसपास गाड्या कंपनीला परत मागवाव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांची समजूत काढली, आणि या दोघांची जोडी पुढे आयुष्यभर टिकली.

मिडग्ली यांचा शोध ९ डिसेंबर १९२१ रोजी लागला. टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले की ठोका नाहीसा होई. अल्कोहोल मिसळूनही ठोका कमी होतो हे केटरिंग आणि मिडग्ली दोघांनाही ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही बनवू शकत होता आणि ते भरपूर मिसळावे लागे. शिशाच्या मिश्रणाचे पेटंट कंपनीच्या हाती होते. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधील एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. ते विकण्यासाठी १९२४ मध्ये जी एथिल नावाची कंपनी निघाली तिचे पहिले अध्यक्ष केटरिंग झाले. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसे विषारी आहे हे रोमन काळापासून माहीत होते. मिडग्ली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून काही आठवडे सुट्टीवर गेले होते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार काही दिवसांच्या अंतराने भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि आणखी अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. डेटनमध्येही मृत्यू झाले होते. विक्री थांबवण्यात आली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सर्जन जनरलनी बोलावलेल्या परिषदेत केटरिंग यांनी उत्पादकांची बाजू मांडली. नंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने विक्री थांबवण्याइतका पुरावा आढळला नाही, पण अभ्यास पुढे चालू ठेवावा, असे सांगितले. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढचा अभ्यास मात्र अनेक दशके मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर, सिनसिनाटी विद्यापीठात चालला. त्या प्रयोगशाळेला केटरिंग यांचेच नाव होते.

बॅटरीत किती वीज गेली, किती परत आली, याचा बारीक हिशेब ज्याने मोटारीला शिकवला, त्याने धुराड्यातून किती शिसे बाहेर पडते आणि ते कोणाच्या फुप्फुसांत साठते याचा हिशेब दुसऱ्यांवर सोपवला. हा दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. पण ते अध्यक्ष होते, विद्युत अभियंते होते, आणि साठत जाणारी गोष्ट कशी घात करते हे त्यांना मोटरच्या उष्णतेवरून इतरांपेक्षा चांगले ठाऊक असायला हवे होते. अमेरिकेतील रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण बंद झाले, भारतात २००० साली, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया तिथे २०२१ मध्ये पोहोचला. मुंबई-पुण्यात १९७० आणि ८० च्या दशकांत रहदारीच्या रस्त्यालगत लहानाचे मोठे झालेले आपण त्या धुराचे वाटेकरी आहोत. बॅटरीतले शिसे त्या मानाने सुदैवी आहे. अमेरिकेत जवळजवळ सर्व शिशाच्या बॅटऱ्या गोळा होऊन त्यांचे शिसे पुन्हा वापरले जाते. जिथे ते काम उघड्यावर, भट्ट्या पेटवून केले जाते, तिथे मात्र आजही त्याची झळ मुलांनाच बसते.

केटरिंग यांचे उत्तरायुष्य सन्मानांनी भरलेले होते. १९३३ च्या जानेवारीत टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. रेल्वेची वाफेची इंजिने घालवणारे हलके डिझेल इंजिन त्यांच्याच प्रयोगशाळेत, मुलगा युजीन याच्या साथीने, आकाराला आले. वनस्पती सूर्यप्रकाशातून अन्न कसे बनवतात या कोड्यावर त्यांनी स्वतःचा पैसा लावला. मूळ प्रश्न तोच होता, साठवणीचा. १९४५ मध्ये कर्करोग संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्था उभी राहिली. पैसा स्लोन यांच्याकडून आला आणि संशोधन औद्योगिक शिस्तीने चालवण्याची जबाबदारी केटरिंग यांनी घेतली. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह यांचे निधन झाले.

१९५० च्या दशकात गाड्यांची वीज सहा व्होल्टवरून बारावर गेली. मोठ्या इंजिनांना सहा व्होल्ट पुरेनासे झाले होते. हा बदल केटरिंग यांनी पाहिला. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनजवळच्या आपल्या घरी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते वारले. दोन वर्षांच्या आत प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत जनरेटरच्या जागी अल्टरनेटर बसवला. इंजिन मंद चालत असतानाही तो बॅटरी भरू शकत होता, आणि त्याच्यातले डायोड उलटा प्रवाह आपोआप अडवत असल्यामुळे केटरिंग यांचा पहिला पहारेकरी अनावश्यक झाला. दुसरा आजही हवाच असतो. महाराष्ट्रातले जुने मेकॅनिक त्यालाही कटआऊटच म्हणतात.